अकरा वर्षांचा गाळ आणि तीन आठवड्यांचे हात: एका के-जेट्रॉनिक गाडीचं प्रकरण

गाडी आली ती ट्रेलरवरून. १९८२ ची मर्सिडीज २३०ई, डब्ल्यू१२३ मालिकेतली. २.३ लिटरचं चार सिलिंडरचं एम१०२ इंजिन आणि त्यावर बॉशची के-जेट्रॉनिक, म्हणजे पेट्रोल फवारणारी यांत्रिक इंजेक्शन व्यवस्था. अकरा वर्षं बंद गॅरेजमध्ये उभी होती. पत्रा चांगला, आतलं कापड चांगलं, इंजिन हाताने फिरवलं तर मोकळं फिरत होतं, चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ. गाडी मात्र चालत नव्हती.

मालकीण ताईंनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत सगळ्यात वर लिहून ठेवली. "दादा, बाबांनी शेवटची आणून लावली ना, तेव्हा ती अर्ध्या सेल्फमध्ये सुरू व्हायची." या एका वाक्यात निम्मं निदान होतं. उभी राहण्याआधी गाडी ठीक होती. म्हणजे आता जे बिघडलंय ते एक तर उभं राहिल्यामुळे बिघडलंय, नाही तर त्यानंतर तिला जे हात लागले त्यांच्यामुळे. तिसरी शक्यता फार लांबची.

आणि हात लागले होते. माझ्याकडे येण्याआधी तीन आठवडे ती दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये होती. तिथे नवी बॅटरी घातली, जुन्या पेट्रोलवरच वीस लिटर ताजं पेट्रोल ओतलं, नवा फ्युएल पंप आणि नवे प्लग बसवले, खूप वेळ सेल्फ मारला. एवढं ताईंना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला हळूहळू सापडलं.

लक्षण असं: सेल्फ मारला की इंजिन धडपडत चालू होतं, किल्ली सोडली की दोन सेकंदांत बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच.

किल्ली सोडल्यावर मरणारी गाडी म्हटलं की पहिला संशय पंपाच्या रिलेवर, म्हणजे पंपाला वीज देणाऱ्या स्विचवर जातो, माझाही गेला. या गाडीत पंपाचा रिले इग्निशनच्या पल्सवर चालतो, पल्स थांबले की पंप थांबतो. रिले काढून ३० आणि ८७ या टर्मिनलमध्ये फ्यूजवाली वायर लावली, पंप सलग चालू ठेवला आणि सेल्फ मारला. तसूभरही फरक नाही. रिले निर्दोष. मग मनात प्रश्न राहिला की सेल्फ फिरत असताना इंजिनाला असं काय मिळतंय, जे सेल्फ सोडल्यावर मिळत नाही? त्याचं उत्तर मला चार दिवसांनी मिळालं. ते तिथेच, बोनेटखाली, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेलं होतं.

टाकीपासून सुरुवात

के-जेट्रॉनिक १९७३ मध्ये आली. तिच्या नावातला 'के' जर्मनमधल्या 'सतत' या अर्थाच्या शब्दातला आहे. इंजेक्टर उघड-मीट करत नाहीत, इंजिन चालू असेपर्यंत सतत फवारतात. किती फवारायचं हे हवेच्या रस्त्यातली एक गोल प्लेट ठरवते. हवा जितकी आत जाते तितकी प्लेट सरकते, प्लेटचा दांडा एका प्लंजरला (दट्ट्याला) वर ढकलतो आणि प्लंजर जितका वर जाईल तितक्या बारीक फटी उघडतात. या फटी ०.२ मिलिमीटर रुंद असतात. प्रत्येक सिलिंडरला एक. त्यामुळे या गाडीत कचरा म्हणजे काय हे ठरवण्याची पट्टीच वेगळी. कार्बुरेटरच्या जेटमधून जे सहज निघून जाईल ते इथे अडकतं.

आणि उभ्या गाडीत कचरा तयार होतोच. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, उरलेल्यांची हवेतल्या ऑक्सिजनशी संथ प्रक्रिया होत राहते आणि डिंकासारखा चिकट थर तयार होतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते ओलावा ओढतं. पाणी पुरेसं जमलं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात, आणि तळ लोखंडी असतो.

झाकण उघडलं तेव्हा पेट्रोलचा वास आला नाही, जुन्या वॉर्निशचा आला. टाकी रिकामी केली. वरचं पेट्रोल चहाच्या रंगाचं, शेवटचे दोन लिटर काळपट आणि त्यात गंजाचे कण. तळाच्या मोठ्या नटाबरोबर जी गाळणी बाहेर येते तिची जाळी दिसतच नव्हती, तिच्यावर साय धरल्यासारखा तपकिरी थर होता. नवा पंप बसवून तीन आठवडे झाले होते, पण त्याच्या तोंडाशी तोच थर पोचला होता. ताजं पेट्रोल ओतल्याने जुना थर सुटला, आणि सेल्फ मारून मारून तो पुढे ढकलला गेला. अकरा वर्षं जो गाळ टाकीत होता तो त्या तीन आठवड्यांत पाइपात, फिल्टरमध्ये आणि त्याच्याही पुढे गेला. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती याची. टाकी आधी रिकामी केली असती तर पुढचं निम्मं काम उरलंच नसतं.

टाकी उतरवून धुतली, आतून बॅटरीच्या दिव्याने तपासली, गाळणी बदलली, पाइप उलट्या बाजूने हवा मारून साफ केले, फिल्टर नवा घातला. पंप वाचला. मग रिटर्नच्या, म्हणजे जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपाखाली मापाचं भांडं धरून पंप चालवला. ४० सेकंदांत एक लिटर यायला हवं. साफसफाईआधी मी हेच मोजलं होतं तेव्हा जेमतेम चारशे मिलिलिटर आलं होतं. आता लिटरच्या वर आलं.

गाडी तरीही तशीच. सेल्फवर धडपड, किल्ली सोडली की बंद. त्या दिवशी ताई बघायला आल्या होत्या, त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना म्हटलं, "ताई, आजवर आपण फक्त पेट्रोल इंजिनापर्यंत आणलंय. ते इंजिनात कसं जातंय हे अजून विचारलंच नाही."

गेज काय बोलला

के-जेट्रॉनिकवर गेजशिवाय काम करणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. गेज लावायचा तो फ्युएल डिस्ट्रिब्युटर (ज्यात प्लंजर आणि त्या फटी असतात) आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (जो इंजिन तापेपर्यंत प्लंजरवरचा दाब सांभाळतो) यांच्या मधल्या लाइनवर, आणि गेजच्या पुढे रेग्युलेटरच्या बाजूला एक व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह बंद केला की सिस्टिम प्रेशर, म्हणजे मुख्य लाइनमधला पूर्ण दाब दिसतो, उघडला की कंट्रोल प्रेशर. (पेट्रोल पाच बार दाबावर असतं, त्यामुळे नट सैल करण्याआधी लाइनवर फडकं, डोळ्यांवर चष्मा आणि हाताशी अग्निशामक. गरम बल्बचा दिवा जवळपासही नको.)

व्हॉल्व्ह बंद: ५.२ बार. ठीक. व्हॉल्व्ह उघडा, इंजिन थंड: ४.१ बार.

इथे मी थांबलो. कंट्रोल प्रेशर म्हणजे प्लंजरच्या डोक्यावर बसलेलं वजन. इंजिन थंड असताना हे वजन कमी हवं, साधारण दीड बारच्या आसपास, म्हणजे थोड्या हवेतही प्लंजर जास्त उचलला जातो आणि थंड इंजिनाला लागणारं जास्तीचं पेट्रोल मिळतं. इंजिन तापत जातं तसं रेग्युलेटरमधली द्विधातूची पट्टी गरम होते आणि वजन साडेतीन बारच्या पुढे नेते. नेमका आकडा प्रत्येक रेग्युलेटरच्या नंबराप्रमाणे बदलतो, तो मॅन्युअलमध्ये बघूनच घ्यावा. पण थंड इंजिनावर ४.१ हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. प्लंजरवर एवढं ओझं असेल तर सेल्फच्या वेगावर येणारी हवा त्याला हलवणार तरी कशी?

कंट्रोल प्रेशर वर जातं ते दोन ठिकाणी अडलं तर: रेग्युलेटर तुंबला किंवा रिटर्न लाइन तुंबली. रिटर्न तुंबली असती तर सिस्टिम प्रेशरही चढलं असतं. ते जागेवर होतं. म्हणजे रेग्युलेटर.

रेग्युलेटर काढला. पेट्रोल आत येतं त्या तोंडाशी त्यात एक जाळी असते, शर्टाच्या बटणाहून लहान. भिंगाखाली धरली. एका कडेला चंद्रकोरीएवढी जागा मोकळी होती, बाकी सगळी जाळी लालसर तपकिरी लेपाने बंद. नखाने खरवडून निघेना, मी खरवडलंही नाही, जाळी फाटली तर तिचेच तुकडे आत जातात. क्लीनरमध्ये रात्रभर भिजत ठेवली. सकाळी मऊ ब्रशने दोनदा झटकली आणि उजेडाकडे धरली तेव्हा तिचे चौकोन पहिल्यांदा मोजता येतील असे दिसले. रेग्युलेटरच्या गरम होणाऱ्या कॉइलचा रोधही मोजून घेतला, २० ओहमच्या जवळ, म्हणजे कॉइल शाबूत.

सगळं जागेवर लावलं. थंड कंट्रोल प्रेशर १.६. सेल्फ मारला, इंजिन लागलं, किल्ली सोडली, इंजिन चालूच राहिलं. गेजचा काटा काही मिनिटांत चढत ३.६ वर जाऊन थांबला. अकरा वर्षांनी ते इंजिन स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं मी बघत होतो आणि खरं सांगतो, काटा थांबला तरी मी तिथून हललो नाही.

माझी चूक

आनंद फार टिकला नाही. स्लो स्पीडला इंजिन चालायचं. रेस दिली की उसळायचं, ॲक्सिलरेटर सोडला की मागून काळा धूर, आणि जादा पेट्रोलमध्ये बुडून बंद पडायचं.

सुरुवातीच्या तपासणीत मी हवेची प्लेट चुंबकाने उचलून बघितली होती. मोकळी हलत होती. वहीत लिहिलं होतं: 'प्लेट, प्लंजर मोकळे.' त्यातला दुसरा शब्द लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. मी ते बघितलं तेव्हा सिस्टिममध्ये प्रेशर नव्हतं. प्लंजर वर अडकून बसला असेल तर खालचा दांडा एकटाच मोकळा हलतो, हाताला काहीच लागत नाही. मी दांड्याची तपासणी केली आणि प्लंजरला प्रमाणपत्र दिलं.

योग्य पद्धत अशी: पंप काही सेकंद चालवून प्रेशर आणायचं, पंप बंद करायचा, मग प्लेट हवेच्या दिशेने सावकाश सरकवायची. पूर्ण प्रवासात एकसारखा, मऊ विरोध हाताला लागला पाहिजे. पटकन सोडली तर प्लेट मोकळी परत येते, कारण प्लंजर तिच्या मागून संथपणे उतरतो. माझ्या हाताला पहिल्या खेपेला विरोध लागला, पण लगेच दुसऱ्यांदा सरकवली तर सुरुवातीचा एक तृतीयांश प्रवास पोकळ. थोडा वेळ थांबून बघितलं तरी पोकळच. प्लंजर वर जाऊन तिथेच लटकत होता. म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर हवा कमी व्हायची, पण फटी उघड्याच राहायच्या.

डिस्ट्रिब्युटर उचलावा लागला. हे काम मी कोणाला सहज करायला सांगणार नाही. प्लंजर आणि त्याचं घर जोडीने घासून जुळवलेलं असतं, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या काही हजाराव्या हिश्श्यांचं. प्लंजर खाली पडून कडेला टोचला गेला की अख्खा डिस्ट्रिब्युटर गेला. म्हणून खाली जाड फडकं पसरून, एक हात तळाशी ठेवूनच उचलला. प्लंजर बाहेर आला तेव्हा त्याच्या चकचकीत पोलादावर मध्यावर एक मधाच्या रंगाची अंगठी होती. बोट फिरवलं तर जाणवतही नव्हती, पण तेवढीच पुरेशी होती. पॉलिश पेपर, ब्रश, काहीही लावायचं नाही, फक्त कार्ब क्लीनर आणि लिंट न सोडणारं कापड. घरही तसंच धुतलं. ताज्या पेट्रोलने ओला करून परत घातला तेव्हा प्लंजर स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरला. डिस्ट्रिब्युटरखालची ओ-रिंग नवी घालणं इथे विसरू नये, जुनी ठेवली तर तिथून हवा ओढली जाते आणि पुढचे आठ दिवस भलतीकडे शोधण्यात जातात.

उसळणं थांबलं. धूर कमी झाला, पण गेला नाही.

बाटल्या, आणि टेपमधली वायर

स्लो स्पीडला एक सिलिंडर मधूनच चुकत होता. इंजेक्टर उपटले, चारही एकसारख्या मापाच्या बाटल्यांत सोडले, पंप चालवून प्लेट उचलून धरली. तीन बाटल्यांत पन्नास मिलिलिटरच्या आसपास, तिसऱ्या नंबरच्या बाटलीत छत्तीस. बाकीच्यांचा फवारा शंकूसारखा, तिसऱ्याची पिचकारी.

दोष इंजेक्टरचा की डिस्ट्रिब्युटरच्या तिसऱ्या फटीचा, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. पहिल्या आणि तिसऱ्या लाइनचे इंजेक्टर अदलाबदल केले. कमी पेट्रोल आता पहिल्या बाटलीत आलं. दोष इंजेक्टरबरोबर गेला, फट निर्दोष. मी चारही इंजेक्टर बदलायला सांगितले, कारण चाळीस वर्षांचे तीन आणि नवा एक हे स्लो स्पीडला कधीच जुळत नाहीत. इंजेक्टर बसतात त्या रबरी रिंगा तर रबर राहिल्याच नव्हत्या. काढताना बेकलाइटसारख्या तुटल्या. तिथूनही इंजिन हवा ओढत होतं.

आता थंड गाडी छान लागायची. पण अर्धा तास फिरवून, बंद करून, वीस मिनिटांनी सेल्फ मारला की लागायची नाही. गरम इंजिन न लागणं हे या सिस्टिमचं जुनं दुखणं, आणि त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ॲक्युम्युलेटर. मी तो मागवायला निघालो होतो, पण आधी प्लग काढून बघितला. प्लग ओला.

हे बसत नव्हतं. ॲक्युम्युलेटरचं काम गाडी बंद झाल्यावर लाइनमध्ये प्रेशर टिकवणं. ते टिकलं नाही तर गरम पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनाला पेट्रोल पोचतच नाही. तसं असतं तर प्लग कोरडा हवा. ओला प्लग म्हणजे इंजिन उपाशी नव्हतं, बुडालं होतं. मग गरम इंजिनात सेल्फच्या वेळी पेट्रोल टाकतंय कोण?

कोल्ड-स्टार्ट व्हॉल्व्ह. हा पाचवा इंजेक्टर फक्त सेल्फ फिरत असताना, फक्त थंड इंजिनात, काही सेकंद फवारतो. त्याला करंट सेल्फच्या सर्किटमधून मिळतो आणि अर्थिंग थर्मो-टाइम स्विचमधून. इंजिन गरम असलं की स्विच अर्थिंग तोडतो. मी त्याच्या वायरीवरची टेप सोडवली. आतून एक बारीक काळी वायर निघाली, व्हॉल्व्हच्या अर्थिंगला जोडलेली आणि थेट इंजिनाच्या बोल्टवर कसलेली. थर्मो-टाइम स्विचला वळसा घालून व्हॉल्व्हला कायमचं अर्थिंग दिलं होतं. म्हणजे सेल्फ मारला की, इंजिन थंड असो वा तापलेलं, तो फवारणार.

पहिल्या दिवशीचा प्रश्न तिथे सुटला. तुंबलेला रेग्युलेटर घेऊन ते इंजिन मुख्य इंजेक्शनवर चालत नव्हतंच. सेल्फ फिरेपर्यंत त्याला हा पाचवा इंजेक्टर पाजत होता, किल्ली सोडली की तो बंद आणि इंजिनही बंद. ज्याने ही वायर टाकली त्याला गाडी सुरू करायची होती, यात मला शंका नाही. पण त्या वायरीने खरं दुखणं झाकलं आणि एक नवं दुखणं तयार केलं.

वायर काढली. गरम सेल्फ पुन्हा मारला. अजूनही पंधरा सेकंद लागत होते, पण आता प्लग कोरडा होता. म्हणजे ॲक्युम्युलेटरचाही दोष होता, फक्त दुसऱ्याच्या मागे लपलेला. गेज लावून गाडी बंद केली, काटा चार मिनिटांत शून्यावर. ॲक्युम्युलेटरच्या मागचा छोटा पाइप सोडला तर त्यातून पेट्रोल ठिबकलं. तिथे पेट्रोल यायचं कारणच नाही, पडदा फाटल्याशिवाय. बदलल्यावर अर्ध्या तासाने काटा २.७ वर होता आणि गरम गाडी एका सेल्फमध्ये लागली.

शेवटी स्क्रू

हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू मी इतका वेळ हातही न लावता ठेवला होता. ३ मिलिमीटरच्या लांब ॲलन कीने फिरतो, चटकन हाती येतो, आणि त्यामुळेच बंद पडलेल्या गाडीवर पहिला बळी त्याचा जातो. त्यावरचं झाकण गायब होतं, म्हणजे कोणीतरी फिरवला होता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण हवा ओढली जात असताना, प्रेशर चुकीचं असताना, एक इंजेक्टर अर्धा असताना तो जुळवायचा म्हणजे कशाशी जुळवायचा?

आता जुळवला. इंजिन पूर्ण तापवून, एक्झॉस्टमध्ये सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मीटर लावून. मीटरने सुरुवातीला ६ टक्क्यांच्या वर दाखवलं. पाव पाव फेरी कमी करत, प्रत्येक वेळी रेस देऊन, स्थिर होऊ देऊन, १ टक्क्यावर आणला. एकूण दीड फेरी मागे यावं लागलं. या स्क्रूच्या भाषेत दीड फेरी म्हणजे फार झालं, एरवी कामं फेरीच्या आठव्या हिश्श्यात होतात. उरलेला काळा धूर तिथे संपला.

ताई गाडी न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना जुने भाग एका डब्यात घालून दिले, आणि वहीचं एक पान: सिस्टिम ५.२, थंड कंट्रोल १.६, गरम ३.६, अर्ध्या तासाने २.७, रिटर्न ४० सेकंदांत लिटरभर, सीओ १. पुढे कधी कोणी या गाडीला हात लावणार असेल तर आधी हे आकडे जुळतात का बघ म्हणावं, असं सांगितलं. त्यांनी पान घडी करून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलं, तिथे बाबांची सर्व्हिसची डायरी होती, तिच्यातच.

एक गोष्ट अजून माझ्या मनासारखी नाही. अगदी थंड असताना पहिलं मिनिटभर स्लो स्पीड वर-खाली होतो, मग बसतो. जास्तीची हवा देणारा व्हॉल्व्ह सावकाश बंद होतोय असा माझा कयास आहे. महिन्याभराने ताई गाडी परत आणणार आहेत. रात्रभर माझ्याकडेच उभी ठेवून सकाळी, तिला कोणी हात लावण्याआधी, मी तो व्हॉल्व्ह आरसा धरून बघणार आहे.